निजलेली जमीन

४ मार्च

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. वहिनी उचलते, "ते उतारावर गेलेत" म्हणते आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. बिचारीला खोटं बोलायला लावू नकोस रे, तिला ते अजिबात जमत नाही.

आधी कामाचं. जमीन कार्यालयाच्या फलकावर वापरात नसलेल्या जमिनींची यादी लागलीय. कसण्याचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांनी सलग तीन वर्षं जमीन वापरली नाही, तर हक्क संपतो आणि सरकार ती दुसऱ्याला देऊ शकतं. यादीतल्या सगळ्या जमिनी एका लाकूड कंपनीला झाडं लावायला चाळीस वर्षांसाठी द्यायच्या आहेत. सत्त्याऐंशी नंबरला आपला वरचा उतार आहे. आपला म्हणजे अकराही घरांचा. हरकत घ्यायची शेवटची तारीख दहा एप्रिल.

यादी तू बघितली असशीलच. मग खाली बारीक अक्षरात काय छापलंय तेही वाचलं असशील. 'आधार : शाश्वत भूमिवापर संशोधन, तक्ता क्रमांक चार.' तो तक्ता माझा आहे. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला. आमच्या विभागाने तो कार्यालयाला दिला, कार्यालयाने त्याची झेरॉक्स काढून फलकावर डकवली. माझ्या पेनाने केलेली एक खूण होती कोपऱ्यात, तीसुद्धा तशीच आलीय.

तुझ्या तोंडात आत्ता जी शिवी आलीय ती दे. दे एकदाची, मनात ठेवू नकोस.

मी मुद्दाम केलं असं तुला वाटेल म्हणून सांगते. दोनशे चौदा तुकड्यांची उपग्रहातून काढलेली चित्रं मी वर्षावर्षाला लावून बघितली. ज्या तुकड्यावर सलग तीन वर्षं नांगराची रेघ नाही, पीक नाही, गुरं नाहीत, त्याला 'विनावापर' म्हटलं. चित्रांवरून असं ठरवायचा हा नियम मीच बसवला. मग प्रत्येक तुकड्यावर जाऊन खात्री करायची आणि माती आणायची. पण आपल्या घरच्या जमिनीचं मोजमाप आपण करायचं नाही, असा आमच्यात दंडक आहे. न्यायाधीश आपल्या भावाचा खटला चालवत नाही ना, तसं. म्हणून वरच्या उतारावर मी गेले नाही. दुसऱ्याला पाठवलं. त्याला तिथलं काही ठाऊक नव्हतं.

आभाळातून काय दिसणार? गवत. उतार सहा वर्षं कसायचा आणि चार वर्षं निजवायचा, हात लावायचा नाही, हे उपग्रहाला कोण सांगणार? दर वर्षी प्रत्येक घराने आपल्या कोपऱ्यातल्या ढिगावर एक दगड चढवायचा, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्याला कळतं की ही टाकून दिलेली नाही, निजलीय. चार झाले की उठवायची. यंदा चौथा चढला असेल. पहिला बाबांनी ठेवला होता.

मी बघते काय करता येतं ते. तू हरकत घे, अकराही घरांच्या सह्या घे, पण त्यावर विसंबून राहू नकोस. तुम्ही म्हणाल निजलीय, ते म्हणतील तक्त्यात तसं नाही.

तुझी बहीण
(तुला आवडो न आवडो)

१९ मार्च

दादा,

पोचपावती आली. तुझी सही बघितली. अजूनही तू शेवटच्या अक्षराला शेपूट काढतोस. म्हणजे पत्र मिळालं आणि तू फाडलं नाहीस, निदान सही करेपर्यंत तरी. मी ती पावती टेबलावर ठेवलीय. हसू नकोस. माझ्याकडे तुझ्या हातचं काही आलं त्याला चार वर्षं झाली.

मार्गदर्शक बाईंकडे जाऊन आले. बाई म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी आठ वर्षं हे काम करतेय त्या. तू त्यांना ओळखत नाहीस, पण बाबांना फोनवर एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुमची मुलगी हट्टी आहे," आणि बाबा म्हणाले होते, "आम्हाला काय सांगता!"

बाईंनी चहा सांगितला, दार लावून घेतलं. म्हणाल्या, "तुझी तोंडी परीक्षा कधी आहे?"

"बावीस एप्रिल."

"आणि नोंदणीची मुदत?"

"तीस जून. वाढवून मिळणार नाही, तीन वेळा वाढवलीय."

"मग एक महिना कळ काढ. पदवी हातात घे. त्यानंतर काय ती दुरुस्ती छाप, मी स्वतः तुझ्याबरोबर सही करीन."

"हरकतीची तारीख दहा एप्रिल आहे, बाई."

"हरकत तुझा भाऊ घेईल की."

"त्याच्या शब्दाला कोण विचारतंय? तक्ता माझा आहे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझं वय विचारलं. त्यांना माहीत आहे, तरी विचारलं. एकेचाळीस म्हटलं. त्या म्हणाल्या, "एकच तुकडा चुकला असता तर मी काही बोलले नसते. पण सत्त्याऐंशी नंबरची जमीन निजलेली असेल, तर तुझा नियम निजलेली आणि टाकलेली यांत फरक करू शकत नाही. मग बाकीचे दोनशे तेरा कशावरून बरोबर? अख्खं प्रकरण जातं. प्रकरण गेलं की प्रबंध गेला. तीन महिन्यांत पुन्हा उभा राहणार नाही तो."

वाईट नाहीत रे बाई. रागावून नाही बोलल्या. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

थोडक्यात सांगायचं तर असं आहे. मी दहा तारखेच्या आत कार्यालयाला लिहून दिलं की माझा तक्ता चुकीचा आहे, तर उतार वाचण्याची आशा आहे आणि आठ वर्षं पाण्यात. नाही दिलं, तर मला पदवी आणि तुला चाळीस वर्षं दुसऱ्याची झाडं.

लगेच हो म्हणून आले असं तुला सांगायला आवडलं असतं. नाही म्हणाले. "विचार करते," म्हणाले आणि खोलीवर आले.

खोली तुला माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीत उघडते. भिंतीवर एक पाइप आहे. आठ वर्षं मी त्या पाइपाकडे बघत 'शाश्वत भूमिवापर' लिहितेय. बाबा विचारायचे आठवतं? "शाश्वत म्हणजे कधी न संपणारं ना गं? म्हणजे तुझा अभ्यास." आणि स्वतःच हसत सुटायचे. हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल! शेवटी शेवटी मी फोनवर हसणंही सोडून दिलं होतं. एकदा तरी हसायला काय झालं होतं मला.

इथे माझ्याशी दिवसभरात कोण बोलतं सांगू? खालचा दुकानदार, "सुट्टे आहेत का?" एवढंच. लग्नाचं तर तुला माहीतच आहे. नवरा दोन वर्षांत सुटला, आडनाव तेवढं चिकटून राहिलं. बदलायचं म्हणजे सगळी प्रमाणपत्रं बदलायची, कोण करत बसणार?

माझं चुकलं की मी बडबड करते, हे तू लहानपणापासून ओळखतोस. तेव्हा थांबते.

तुझी बहीण

२ एप्रिल

दादा,

पहिल्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आज पूर्ण सांगते, नाहीतर उद्या पुन्हा धीर होणार नाही.

उतारावर मी भट्टीकाकांना पाठवलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत माती वाळवायची भट्टी आहे, ती हे काका सांभाळतात म्हणून सगळे त्यांना भट्टीकाका म्हणतात. साठीला आलेत. तीस वर्षांत एक पिशवी इकडची तिकडे झाली नाही त्यांच्या हातून. प्रत्येक पिशवीवर दोन चिठ्ठ्या लावतात, एक आत, एक बाहेर. मी त्यांना "दोन चिठ्ठ्या, दोन बायका" म्हणून चिडवते आणि ते म्हणतात, "एक सांभाळताना जीव गेला, ताई."

गेल्या वर्षी आम्ही दोघं गेलो होतो. मी खाली बसथांब्यावर बसले. हो, आपल्याच. तिथून आपल्या घराचं छप्पर दिसतं. वहिनीने वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. काका माती काढायचं गिरमिट आणि पिशव्या घेऊन वर गेले, अडीच तासांनी धापा टाकत खाली आले. म्हणाले, "काही नाही हो वर. गुडघाभर गवत आणि कोपऱ्याकोपऱ्यात दगडांचे ढीग. तीन-तीन दगड एकावर एक. कोणी मुलांनी खेळ केलाय वाटतं."

कळलं ना तुला? मला सांगितलं त्यांनी. दगड सांगितले, तीन-तीन सांगितले. मला त्याच क्षणी कळलं की उतार निजलाय आणि तिसरं वर्ष चालू आहे. मांडीवर वही होती. मी लिहिलं, 'विनावापर'.

का लिहिलं ते नीट सांगता येत नाही, पण प्रयत्न करते. 'निजलेली' असं लिहायचं तर कशावरून ते लिहावं लागलं असतं. त्यासाठी कोणाशी तरी बोलावं लागलं असतं. म्हणजे तुझ्याशी. छप्पर समोर दिसत होतं, दहा मिनिटांचा चढ. आणि मला तू दारात उभा दिसत होतास, बाबा गेले तेव्हाचा. मी एक दिवस उशिरा पोचले होते. वहिनीचे तीन निरोप आले होते, आणि मी म्हटलं होतं, दोन दिवस, एवढे नमुने ओले आहेत तोवर घेते आणि निघते. मी दारात आले तर सगळ्यांसमोर तू विचारलंस, "झाली का तुझी माती मोजून?"

एवढंच बोलला होतास. खरं होतं म्हणून लागलं.

म्हणून मी वर आले नाही, दादा. दंडकबिंडक सगळं नंतर सुचलं. दंडक आहे, खोटा नाही, पण मला तो फार सोयीचा पडला. मला वाटलं, दोनशे चौदांतली एक ओळ, तिने कोणाचं काय बिघडणार आहे?

आणि यापुढचं याहून वाईट आहे. काकांनी आणलेली माती तपासली, तर ती सगळ्या दोनशे चौदांत सरस निघाली. काळी, मऊ, गांडुळांनी भरलेली. टाकून दिलेली जमीन अशी असत नाही. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? नोंदवहीत लिहिलं, 'नमुन्यांची अदलाबदल झाल्याची शक्यता. वगळला.' म्हणजे काकांनी पिशव्या बदलल्या. तीस वर्षांत न झालेली चूक मी त्यांच्या नावावर मांडली. त्यांनी ती नोंद वाचली होती, नोंदवही त्यांच्याच कपाटात असते. तेव्हापासून ते माझ्या कामाला कधी नाही म्हणाले नाहीत, पण चिडवलं तर हसेनासे झाले. मी म्हटलं, वय झालं, दुसरं काय.

आज सकाळी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चाळणी साफ करत होते, करतच राहिले. मग म्हणाले, "तुमचं घर होतं ते खाली?"

"हो."

"आणि मला तहान लागली म्हणून मी त्याच घरी पाणी मागितलं. घरातल्या बाईंनी पाण्याबरोबर गूळ दिला. कुठून आलात, कोणाबरोबर आलात, विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्या ताई खाली बसल्यात."

म्हणजे वहिनीला माहीत होतं! तुलाही माहीत होतं. मी बसथांब्यावर अडीच तास बसून परत गेले, हे तुम्हाला वर्षभर माहीत आहे.

काकांनी कपाटातून नोंदवही काढली, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि आपला पेन दिला. म्हणाले, "खोडा. तुमच्या हाताने. आणि खाली कारण लिहा." मी लिहिलं, 'नमुना बरोबर होता. चूक माझी.' तारीख घातली. त्यांनी फुंकर मारून शाई वाळवली, वही कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. बोलले काहीच नाहीत. मी बराच वेळ उभी होते, मग निघून आले.

तू तरी काही बोल. शिव्या घातल्यास तरी चालतील.

तुझी बहीण

१० एप्रिल

दादा,

दिलं. कार्यालयात स्वतः जाऊन, शिक्का मारून घेऊन. सात पानं झाली. नियम कुठे चुकतो, उतार का निजवतात, दगड काय सांगतात, मातीचे आकडे, सगळं. दगडांचं कळूनही दुर्लक्ष केलं, हेसुद्धा लिहिलं. कारकुनाने पहिलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध अर्ज करताय का?" मी म्हटलं, तसंच समजा.

तुमची हरकतही तिथे टेबलावर होती. अकरा सह्या. पलीकडच्या मावशीचा अंगठा बघितला.

तोंडी परीक्षा रद्द झाली. बाईंनी फोनवर "ठीक आहे" म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

अभ्यास संपला, दादा. बाबांचा विनोदही संपला. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. खोलीवर आले, पुस्तकं ग्रंथालयाला परत करायची म्हणून बांधली आणि मग त्याच गठ्ठ्यावर बसून रडले. चांगलं हमसून रडले. शेजारच्या भिंतीतून रेडिओ मोठा केल्याचा आवाज आला.

पोचपावत्या येताहेत. आतापर्यंत तिन्ही आल्या. चौथीचीही वाट बघीन.

तुझी बहीण

२ मे

दादा,

सुनावणी सोळा मेला आहे. तुम्हालाही नोटीस आली असेल. सकाळी अकरा, पहिला मजला, उजवीकडची खोली.

एक अडचण आहे, आणि ती तुला आधी कळायला हवी. मी कारकुनाला फोन करून विचारलं, माझी दुरुस्ती मान्य होईल का. तो म्हणाला, तक्ता बनवणाऱ्यानेच चूक कबूल केली तर शक्यतो लगेच मान्य होते. फक्त त्याचं यादीतल्या हक्कदारांशी नातं नको. नातं असेल तर दुरुस्ती धरत नाहीत, नव्याने मोजणी लावतात. मोजणीला दीड वर्ष. आणि तोपर्यंत? "तोपर्यंत यादीप्रमाणे," म्हणाला. म्हणजे कंपनी वर चढणार. एकदा नांगर आणि खड्डे झाले की कसले दगड आणि कसली निजलेली जमीन!

अर्जात नात्याचा रकाना नव्हता, म्हणून मी काही लिहिलं नव्हतं. लपवलं नव्हतं, देवाशपथ. आडनाव वेगळं असल्याने कोणाच्या लक्षात आलं नाही. पण सुनावणीत विचारतील. विचारतातच म्हणे.

मी सांगायचं ठरवलंय. सख्खा भाऊ आहे म्हणून. एकदा गप्प बसून काय झालं ते बघितलंय मी. पण जमीन तुमची अकरा घरांची आहे, आणि मी सांगितलं तर ती जाईल. असं कसं रे हे? खरं लिहून द्यायला आठ वर्षं घालवली, आणि आता त्या खऱ्याला किंमत यायची तर मी तुझी कोणी नाही असं ठरायला हवं.

तू सांग काय करू. हो किंवा नाही, एवढंच लिही. कार्ड पाठव. वहिनीला सांग फोन करायला, मी विचारणार नाही मागे कोण खोकतंय ते.

तुझी बहीण

१८ मे

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. तेव्हा मी सोळाला खरं सांगायचं ठरवूनच आले होते, हे आधी लिहून ठेवते. तुझा विश्वास बसो न बसो.

तू काय काय बघितलंस मला माहीत नाही, म्हणून मी बघितलं ते सांगते. तुम्ही सगळे डाव्या बाकांवर होतात. तुझे केस पिकलेत, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांत एवढे? पलीकडची मावशी पुढच्या बाकावर होती. लहानपणी माझी वेणी ओढून ओढून घालायची ती. मी आत आले तेव्हा तिने बघितलं, आणि मग खिडकीकडे बघायला लागली. सगळेच कुठे ना कुठे बघत होते. एकवीस माणसं मोजली मी, त्यांतल्या अठरांनी मला फ्रॉकमध्ये बघितलंय. एकानेही मान हलवली नाही. मला वाटलं, वाळीत टाकलंय मला. वर मनात म्हटलं, बरोबरच आहे.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांना सर्दी झाली होती, दर वाक्याला रुमाल. सात पानं त्यांनी वाचली होती, हे मानायला हवं. म्हणाले, "हे दगडांचं तुम्हाला कसं कळलं? तुमच्या माणसाला तर मुलांचा खेळ वाटला होता."

हाच तो प्रश्न. मी उभी राहिले. ओठांवर आलं होतं, साहेब, तो पहिला दगड माझ्या वडिलांनी ठेवला. "माझ्या" म्हणेपर्यंत मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"आम्ही सांगितलं," तू म्हणालास.

साहेब म्हणाले, "म्हणजे या तुमच्या ओळखीच्या आहेत? नात्यातल्या?"

"नाही," तू म्हणालास. "माती मोजायला आल्या होत्या. तेवढंच."

साहेबांनी बाकांकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी पण काही बोलले नाही, दादा. बसले. कारकुनाने कागद पुढे केला, 'हक्कदारांशी नातं : नाही', आणि खाली जागा. मी सही केली. बाबांचं नाव कुठेच नाही त्या कागदावर. आडनाव नवऱ्याचं.

पुढचं तुला माहीत आहे. सत्त्याऐंशी नंबर यादीतून काढला. तुमच्यातला कोणीतरी जोरात "बरं झालं" म्हणाला आणि साहेब शिंकले. उतार वाचला. यंदा उठवा. माती चांगली आहे, आकडे माझ्याकडे आहेत, खत घालायची काही गरज नाही.

बाहेर व्हरांड्यात कारकून उभा होता म्हणून तुम्ही माझ्याजवळ आला नाहीत, हे मला आता कळतंय. तेव्हा कळलं नाही. तुम्ही सगळे टेम्पोत चढलात. मागची फळी तू लावलीस. मी जिन्याच्या पायरीवर उभी होते, आणि मावशीने जाता जाता, कोणाला दिसणार नाही असा, डोक्याचा पदर नीट करायच्या निमित्ताने हात हलवला. मला तरी तसं वाटलं. नसेलही.

मी खोटी सही केलीय. बाईंना माहीत आहे, काकांना माहीत आहे. काल काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या नोंदवहीत तर सगळं बरोबर लिहिलंय ना? मग झालं." आणि वर्षभराने पहिल्यांदा मला अर्धा चहा दिला. ते दोघं बोलणार नाहीत. पण मी कार्यालयात विचारून आले, असंच विचारतेय अशा आवाजात. कागद खोटा निघाला तर निकाल कधीही फिरतो, त्याला वर्षांची मर्यादा नाही. कंपनीची माणसं शोधत असतील. एक पत्र सापडलं, एक फोन निघाला, तरी पुरे.

म्हणून हे साध्या टपालाने पाठवतेय, पाकिटावर माझं नाव नाही, पोचपावती नाही. वाचलंस की जाळ. आधीचीही जाळ. वहिनीला सांग, फोन आला तर उचलू नको, पण मी करणारच नाहीये. तिकडे यायचं तर सोडूनच दे. बसथांब्यावरसुद्धा नाही.

मी इथेच कुठेतरी माती तपासायचं काम बघेन. पदवी लागत नाही त्याला.

माझ्यावर रागावलेला आहेस म्हणून तू चार वर्षं बोलत नव्हतास, ते मला समजत होतं. आता नाही समजत. तो "नाही" तू उतारासाठी म्हणालास की मनापासून म्हणालास, हे मी दोन दिवस आठवून बघतेय. आवाजावरून कळत नाही, तुझा आवाज मी विसरत चाललेय. बघून कळलं असतं. पण तू बोललास तेव्हा मी टेबलाकडे बघत होते.

माझ्याकडे बघून म्हणालास का, दादा?